देवीच्या तोंडावर सूप

अख्खं आंबागड खडकासमोर बसलं होतं. धान घरात आलं होतं, अंधार पडू लागला होता आणि कुणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता. आज खडकावर माता प्रकट होणार, असं गावात उतरलेल्या बाबांनी सांगितलं होतं. टेकडीचा तो उभा खडक आम्हीच त्यांच्या सांगण्यावरून चुन्यानं पांढरा केला होता. त्याला म्हणे सेवा म्हणायचं.

"हिलो मत! उठो मत! मागे पाहाल तर माता परत जाईल!" बाबा गरजले.

मागच्या कनातीतून घरघर ऐकू येत होती. तो पाताळातला ओंकार, असं बाबांचं म्हणणं. मला तर तो धानाच्या बांधीत पाणी ओढणाऱ्या इंजिनासारखा वाटला.

माझ्या मांडीवर सूप होतं. नवा तांदूळ सुपात घालून देवीपुढे ठेवायची आमच्या घरची रीत. पण आज तांदळावर माझ्या नातीच्या, रक्षाच्या, गोळ्यांचं पाकीटही होतं. पोरीला सिकलसेल, रक्ताचा आजार. दुखणं उठलं की तिच्या हाडाहाडात कळा येतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी रोज द्यायची. बाबा म्हणाले, "दवा मातेच्या पायाशी सोडा, खून साफ होईल."

"रश्मी, गोळी बंद केली आन् पोरीले काही झालं तं?" मी सुनेला हळूच विचारलं.

"आई, तुमी गप राहा न! साऱ्या गावाचा विश्वास आहे, तुमालेच काहून नाही?"

आईच ती. दवाखान्यात किती वर्षं हेलपाटे घालणार?

एकदम खडकावर उजेड सांडला. कमळ उमललं, त्यातून ताडाएवढी देवी उभी राहिली. तिनं डोळे उघडले. बायका रडू लागल्या. "सूप आणा!" बाबा ओरडले. रश्मीनं हात पुढे केला.

मी सूप सोडलं नाही. मला शाळेची भिंत आठवत होती. मी लहान असताना सरकारी प्रचाराची गाडी गावात यायची. आम्ही भिंत चुन्यानं पोतायचो आणि त्यावर सिनेमा पाहायचो. गाडीवाला सारखा खेकसायचा, "बसा खाली! उठू नका!" कारण जो उठेल त्याचं डोकं भिंतीवर दिसायचं. माझा भाऊ धनीराम तर मुद्दाम उठायचा आणि बोटांचं हरीण करून हिरोचं नाक खायचा. किती हसायचो आम्ही!

मी उठले. सूप डोक्यावर धरलं.

देवीच्या तोंडावर भलंमोठं काळं सूप आलं.

"राक्षसी छाया!" बाबा किंचाळले. "बुढीले बसवा!"

मी सूप डावीकडे नेलं, सावली डावीकडे गेली. सूप रश्मीच्या हातात देऊन मी बोटांचं हरीण केलं. हरणानं देवीचं नाक खाल्लं.

रक्षा खुदकन हसली. "आजी, मीबी करू?"

मग पोरांची रांगच उभी राहिली. देवीच्या अंगावर ससे, कुत्रे, मोर नाचू लागले. शाळेतले राजकुमार सर सरळ मागे गेले आणि त्यांनी कनात ओढली. आत प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि ओंकार काढणारा जनरेटर होता. सरांनी प्रोजेक्टरच्या काचेवर तळहात धरला. देवी गेली. हात काढला. देवी आली.

"लग्नाच्या हॉलमधे भिंतीवर फुलं पाडतात न, तेच हे," सर म्हणाले. "खडकाच्या उंचसखल भागावर चित्र बेतून बसवलं, म्हणून देवी जिवंत वाटली. कला मोठी आहे. पण यानं रक्त बदलत नाही."

"मशीन तं मातेचं वाहन आहे!" बाबा म्हणाले.

"मंग डिझल कायले पिते?" कुणीतरी मागून विचारलं, आणि माणसं उठू लागली.

रश्मी तिथंच बसून सुपातला तांदूळ चाळवत होती. पाकीट तांदळाखाली गेलं होतं. सापडलं, तेव्हा तिनं ते पदराला पुसलं. "आजची द्यायची राहिली," एवढंच म्हणाली आणि रक्षाच्या तोंडात गोळी घातली.

बायांनो, डोळ्यांना सुंदर दिसेल ते जरूर पाहा. पण कुणी मागे वळू नका म्हटलं, तर आधी मागे वळा. उजेड कुठून येतो ते बघा. आणि लेकराचं औषध कुणाच्याही पायाशी ठेवू नका.