आकड्याखालची रेघ

एकोणीसशे त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. डोंगरातून पाण्याचा बोगदा खणायचं काम चालू होतं. आत किती माणसं गेली, बाहेर किती आली हे समजावं म्हणून शंभर मजुरांना प्रत्येकी दोन शर्ट आणि डाव्या बाहीवर ज्याचा त्याचा नंबर, असा हुकूम निघाला. ते दोनशे शर्ट छपाईला आले थोरलीच्या हाताखाली.

छपाईचा तो कारखाना तिच्या सासऱ्यांनी काढलेला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, चार टेबलं आणि रंगाचा वास डोक्यात भिनलेली माणसं. सासरे गेले, पाठोपाठ नवरा गेला, कारभार दिराकडे आला. बाहीची छपाई मात्र थोरलीकडेच राहिली. छातीवर कुणीही छापेल. बाही माणसाला दमवते. शिवलेली बाही म्हणजे अरुंद बोळ, त्यात शिवणीचा उंचवटा. त्यासाठी सासऱ्यांनी हातभर लांब, निमुळती फळी बनवली होती. तिचं एक टोक टेबलाला घट्ट बसवलेलं, दुसरं मोकळं, छापणारीच्या पोटाकडे आलेलं. "फळी शर्टाच्या अंगातून घालायची आणि बाहीच्या तोंडातून बाहेर काढायची," असं ते बजावत. तसं केलं की बाहीचं तोंड आपल्याकडे येतं आणि आकडा सुलटा उमटतो. शिवाय प्रत्येक आकड्याखाली ते एक आडवी रेघ ठेवत. खालची बाजू कुठली, त्यात शंका नको.

ती रेघ भाऊजींनी काढून टाकली.

"वहिनी, रेघेत रंग साचतो, वाळायला वेळ खातो. रविवारी माल द्यायचाय. आणि आकडा काय लोकांना वाचता येत नाही?"

थोरलीने रंग ढवळायला घेतला. भाऊजींशी वाद घालायचा म्हणजे दिवस फुकट घालवायचा.

थोरलीची धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. तिचा नवरा बोगद्यावर होता, नंबर अडुसष्ट. अंगावर मांस असं नव्हतंच, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याचे शर्ट सगळ्यांत लहान मापाचे, कापड कोरं, खळीने कडक झालेलं. पहिला थोरलीने कसाबसा अंगातून फळीवर चढवला. दुसरा चढेना. तेव्हा तिने फळी सरळ बाहीच्या तोंडातून घातली, वरून आकड्याची जाळीची चौकट, म्हणजे स्क्रीन, ठेवली आणि रंगाची रबरी पट्टी आपल्याकडे ओढली. बाही फिरली तशी स्क्रीनही फिरवायला हवी होती. ते राहून गेलं.

शर्ट वाटले गेले त्या दुपारी पैलवान कारखान्यात आला. भाऊजी बाहेर गेलेले पाहून त्याने टेबलावर शर्ट पसरला.

"ताई, तुम्ही तर मला उताणा पाडलात."

बाहीवर एकोणनव्वद होता. आकडे इंग्रजी, अडुसष्ट उलटा झाला की एकोणनव्वदच दिसतो.

"स्टोअरवाला म्हणत होता, एकोणनव्वदचे तीन झाले, हा परत पाठवतो. मी म्हटलं, दे इकडे, मी उलटा लटकून काम करीन."

"ठेव इथे. झाकून बाजूला नवा छापते."

"आणि दीर बघतील ते? आधीच टपलेत तुमच्यावर. राहू द्या. वारा सुटला की जो उडतो तो मी, एवढी ओळख पुरे."

थोरली हसली. "पुढच्या आठवड्यात गुपचूप आण."

त्याने आणला नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी बोगद्यात पाणी फुटलं. हजेरीत दहा माणसं आत होती. सहा दिवस पंप चालले, तेव्हा नऊ मिळाली. चेहरे ओळखण्यासारखे राहिले नव्हते, म्हणून बाह्या वाचल्या आणि नंबराप्रमाणे ज्याचं माणूस त्याच्या हवाली केलं. एकोणनव्वद सापडला. त्या नंबराचा खरा माणूसही त्याच पाळीत होता. अडुसष्ट तेवढा नव्हता.

थोरली बहिणीकडे गेली. धाकटी उंबऱ्यात बसली होती, डोळे कोरडे.

"तो आत नव्हताच, ताई. त्या दिवशी सकाळपासून पोट दुखत होतं त्याचं. मध्येच सटकला असणार. हजेरीवाला तर बसल्या जागी घोरतो."

"मग घरी कसा आला नाही?"

"घाबरला असेल. येईल."

दोरीवर एक शर्ट वाळत होता. बाहीवर अडुसष्ट, सुलटा.

"दुसरा कुठाय गं?"

"अंगावर घालून गेला तो. तुझा उलटा."

थोरली तशीच निघाली. एक तपासणी उरली होती आणि ती तिच्याखेरीज कुणाला येणार नव्हती.

एकोणनव्वद नंबरवाल्याची म्हातारी आई गल्लीच्या टोकाला राहायची. तिने मुलाचे अंत्यविधी केले होते आणि अंगावरचा शर्ट धुऊन उशाशी ठेवला होता. थोरलीने तो मांडीवर घेतला आणि आकड्यावरून बोट फिरवलं. पट्टी छापणारीकडे ओढली जाते, म्हणून शेवटच्या कडेला रंगाचा जाड काठ राहतो. शर्ट अंगातून चढवला असेल तर तो काठ बाहीच्या तोंडाकडे येतो. इथे तो खांद्याकडे होता. तिने दोनदा बोट फिरवलं. शर्टही लहान मापाचा होता.

"धुताना आटला बघ," म्हातारी म्हणाली. "बाई, निदान माझा मला मिळाला. हाताने पोचवला. तुझ्या बहिणीसारखं दाराकडे बघत बसायची वेळ आली असती तर मी वेडी झाले असते."

थोरलीने घडी घालून शर्ट परत दिला.

चार दिवस तिने काढले. धाकटी रोज दोन ताटं वाढायची, एक झाकून ठेवायची. पाचव्या दिवशी थोरलीने ते ताट उचलून बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं. फळी, बाहीचं तोंड, जाड काठ, पैलवानाचं हसणं, स्वतःचं विसरणं.

धाकटीने ताटावरचं झाकण उचलून पुन्हा ठेवलं.

"म्हातारीने नीट केलं का त्याचं?"

"नीट केलं. आईसारखं केलं."

"मग तिला सांगू नकोस."

"अगं, पण तुला लोक काय म्हणतील? नवरा टाकून गेला म्हणतील."

"म्हणू देत. ती आता कुणाची वाट बघणार, या वयात?" धाकटीने शर्ट दोरीवरून काढला. "तू मात्र इथे येऊ नकोस, ताई. तुझे हात दिसले की मला तो उलटा दिसतो."

दुसऱ्या दिवशी थोरलीने स्क्रीनवर रेघ परत घेतली. भाऊजींनी पाहिलं. तिने पट्टी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, "रेघ नको असेल तर बाह्या तुम्ही छापा." त्यांनी पट्टी घेतली नाही.

बोगदा पुढे दोन वर्षांनी पुरा झाला. खरा एकोणनव्वद कधीच मिळाला नाही आणि त्याला कुणी शोधलंही नाही. म्हातारी सहा वर्षं जगली, शर्ट उशाशी ठेवूनच गेली. भाऊजींनी पुढे मशीन आणलं आणि ते नीट चालेना तेव्हा कारखाना विकला. धाकटी शाळेत झाडलोट करायला लागली. नवऱ्याने टाकलेली म्हणून लोक बोलले, तिने ऐकून घेतलं. बहिणीकडे ती पुन्हा आली नाही, लग्नाकार्यातही समोर आली की पदर सावरून पलीकडे जायची. धाकटी वारली तेव्हा तिच्या शेजारणीने एक पुडकं थोरलीला आणून दिलं. आत अडुसष्टचा शर्ट होता, धुतलेला. आकड्याखाली निळ्या दोऱ्याने एक आडवी रेघ घातलेली होती.