एक्केचाळिसावी वडी

"मॅडम, हिच्यावर निदान एक मोबाईल तरी चार्ज होतो का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तनुजाने माझ्याकडे बोट दाखवून हे विचारलं. मला शाळेत दाखवायला घेऊन आलेल्या संशोधक उत्कर्षा मॅडम हसल्या. "अजून नाही गं. आधी नव्वद दिवस भट्टीवर टिकू दे तिला."

मित्रांनो, मी एक फुटकी वडी आहे. खायची नव्हे हं! मॅग्नेशियम आणि सिलिकॉनची. एका अंगाने तापले आणि दुसऱ्या अंगाने गार राहिले, की माझ्यातून वीज वाहते. पीएच.डी. झाल्यावर मॅडमनी दोन वर्षं माझ्यापायी घातली. आधीच्या चाळीस वड्या तडकल्या. मी एक्केचाळिसावी.

चाकणच्या एका कारखान्यात मला भट्टीच्या अंगाला बसवलं. त्या भट्टीवर कामाला होते तनुजाचे पप्पा, दादासाहेब. मॅडमनी बजावलं होतं, हिला हात लावू नका. पाण्याचं त्या बोलल्या नाहीत. भट्टीवर पाणी कोण टाकणार? दादासाहेब रोज माझे आकडे लिहीत आणि फोनवर सांगत, "आज बी ठणठणीत हाय पोरगी!"

शहाऐंशीव्या दिवशी खंडेनवमी आली. सगळी मशिनं बंद, धुतलेली, झेंडूच्या माळा ल्यालेली. माझ्यासाठी तेवढी भट्टी पेटती. पूजेला घरची माणसं आली होती. दादासाहेबांनी नारळ फोडून पाण्याची वाटी तनुजाच्या हाती दिली.

"शिंपड समद्यांवर. हिला बी सोडू नगं, हिची पयलीच पूजा हाय."

तनुजाने मोठ्या लाडाने शिंपडलं. टच्! एवढाच आवाज झाला. दोघांनीही तो ऐकला.

"गप ऱ्हा," दादासाहेब पुटपुटले. "नोकरी जाईल माजी."

माझे आकडे शून्यावर आले, म्हणून दसऱ्यानंतर मॅडमनी मला उतरवलं. दोन तुकडे! त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझ्याच मटेरियलमध्ये खोट होती, दादासाहेब. महिन्याभरात माझ्या संशोधनाची मुदत संपते. आता नव्वद दिवस कुठून आणू?"

एक तुकडा मॅडमनी अहवालासाठी ठेवला. दुसरा, म्हणजे मी, तनुजासाठी दिला. "तिला आवडायची ना."

मित्रांनो, वस्तू जपून वापरा. पण फुटलीच एखादी, तर ती कशी फुटली ते तरी सांगा. नाहीतर जिने ती जीव ओतून घडवली, ती जन्मभर स्वतःलाच बोल लावत बसते.

त्या संध्याकाळी मॅडमचं बोलणं पप्पांकडून ऐकून तनुजाने मला ताटाशेजारी ठेवलं. मग तिने ताट बाजूला सारलं.

"पप्पा, मम्मी, मी उद्या मॅडमकडे जाणार आहे. पाणी मी शिंपडलं, हे सांगणार आहे."

"आता सांगून काय उपेग गं?" मम्मी म्हणाली. "तुटलेली वडी काय जुळनार हाय व्हय?"

"नाही जुळणार. पण त्यांची वडी चांगली होती, हे त्यांना कळायला नको? तुम्ही नका येऊ, पप्पा. मी एकटी जाते."