पात्याच्या टोकाचा वेग

“सर, पंखा तुमच्या घरचा हाये, त त्याच्यापाशी तुमीच बसा,” संस्थेचे सचिव भाऊसाहेब म्हणाले. “पिन ढिली हाये. हात काढला का बंद पडते.”

हरिदास सर बोर्डातली पिन धरून बसले. देवळीच्या त्या कॉलेजात केस पांढरे होईस्तोवर त्यांनी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवलं होतं. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की बोंब. आज कायम जागेची मुलाखत होती. ही हुकली तर वय उलटणार, पुन्हा अर्जही करता येणार नव्हता. सकाळी वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेहून निघताना बायकोनं, भावनानं, टेबलफॅनची जाळी घासूनपुसून दिली होती. “यंदा पर्मनंट होऊनच येजा,” म्हणाली होती.

त्यांचा नमुना तास झकास झाला. समितीतले एक साहेब मात्र शेवटपर्यंत फोनमध्ये होते. आता त्याच जागेसाठी, त्याच पंख्यापाशी उभी होती रुचिका, भाऊसाहेबांची सून. हाच धडा सरांनीच तिच्याकडून घोटून घेतला होता. “पोरीले जरा पाहून घ्या,” असं भाऊसाहेब म्हणाले तेव्हाच कळायला हवं होतं. पण समोर कोणी शिकायला बसलं की या माणसाची अक्कल गहाण पडते.

“पात्याचा मधला भाग आणि टोक एकाच वेळी फेरी पुरी करतात,” रुचिका सांगत होती. “टोकाची वाट लांब, म्हणून वेग जास्त. विमानाच्या उघड्या पंख्याचं टोक आवाजाच्या वेगाजवळ गेलं की नुसता गोंगाट होतो, ताकद वाया जाते. म्हणून त्याला आवरून फिरवतात. जेट इंजिनातल्या पंख्याचं टोक मात्र आवाजाच्याही पुढे पळतं. कारण...”

ती अडकली. भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम आला. सरांना बरं वाटलं, अगदी गोड वाटलं. बोल म्हणावं आता.

पण ती त्यांच्याकडे बघत होती, वर्गातली पोरं बघतात तशी. अर्धवट राहिलेला धडा त्यांना कधीच सोसला नव्हता. त्यांचा हात पिनेवरून उठला आणि पंख्याभोवती हवेत एक गोल फिरला. पंखा बंद पडला.

“कारण त्याच्या भोवती कवच असतं!” रुचिका एकदम म्हणाली. “आत येणाऱ्या हवेला ते आधीच सावरतं, आवाजही अडवतं. उघड्या पंख्याला असं कोणी नसतं.”

“वा!” फोनवाले साहेब पहिल्यांदा मान वर करून म्हणाले.

संध्याकाळी रुचिकाचं नाव जाहीर झालं. ती पाया पडायला आली. “सर, तुमच्यामुळंच झालं.”

“नाराज नोका होऊ सर,” भाऊसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. “तुमचे तास चालूच राह्यतीन.”

वर्ध्याच्या बसमध्ये पंखा मांडीवर घेऊन सर खिडकीशी बसले. खिशात भावनाचा फोन वाजत होता. गाडीनं वेग घेतला तशी बाहेरच्या वाऱ्यानं पाती आपोआप फिरू लागली. सरांनी जाळीतून बोट घातलं आणि उतरेपर्यंत ती अडवून धरली.