वर्नाच्या तलावाची गुलाबी साक्ष

मित्रांनो, मी पाणी तपासायची एक जुनी पेटी आहे. माझ्या पोटात एक पारदर्शक नळी आहे, थेंबांच्या दोन छोट्या बाटल्या आहेत आणि नळीच्या अंगावर फिक्यापासून गडदपर्यंत गुलाबी रंगाच्या खुणा आहेत. ॲरिझोनातल्या कासा ग्रांदे गावात वर्ना आणि अर्लिस या म्हाताऱ्या जोडप्याच्या मागच्या अंगणात माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते वर्नाचं दार. अंगणातला पोहण्याचा तलाव लहानसाच, दहा-बारा हात मारले की पलीकडची भिंत लागावी एवढा. रोज सकाळी वर्ना कोपरापर्यंत हात बुडवून नळी भरून घेई, थेंब टाकी, बूच लावून हलवी आणि मला उजेडासमोर धरी. मी फिकी दिसले की पाण्यात क्लोरीन कमी, गडद दिसले की जास्त. मधली गुलाबी छटा आली की ती म्हणे, "आज शहाणी आहेस." एवढ्या कौतुकावर माझा दिवस आनंदात जाई. क्लोरीन ओतायचं काम मात्र अर्लिसचं. त्याचा हात सढळ. कॉफीत साखर घालावी तसा तो ओती, आणि वर्ना त्याला रोज टोकी.

मित्रांनो, मला तुम्हाला सांगायचंय ते वेंडेलबद्दल. वेंडेल वर्नाचा थोरला भाऊ. जन्मभर वेल्डिंग केल्यामुळे त्याची छाती खराब झाली होती. चार पावलं चालला की धाप लागायची. वर्नाच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेताना माणसाला पूर्ण पाण्याखाली नेतात, आणि चर्च लहान असल्यामुळे हा विधी आमच्याच तलावात होई. किती जण माझ्यासमोर भिजत वर आले! पण वेंडेल कधी तयार झाला नाही. बहिणीने विषय काढला की तो आभाळाकडे बघू लागे. त्या उन्हाळ्यात मात्र तो आपणहून म्हणाला, "येत्या रविवारी घेतो बाप्तिस्मा. माझं मन बदलायच्या आत उरका."

अर्लिसला इतका आनंद झाला की शनिवारी त्याने पाणी आरशासारखं करायचं ठरवलं. क्लोरीनचे डबेच्या डबे ओतले. रविवारी सकाळी त्याने मला स्वतः हातात घेतलं, थेंब टाकले आणि नळी पाहिली. पाणी स्वच्छ, रंगाचा मागमूस नाही. "बघ, काहीच उरलं नाही. ऊन सगळं खाऊन टाकतं," असं म्हणत त्याने आणखी एक डबा ओतला.

मी काय सांगत होते ते त्याला दिसलंच नाही. थेंब पडताक्षणी मी गडद गुलाबी झाले होते, पण लगेच तो रंग उडून गेला होता.

वर्नाने पुन्हा तपासलं आणि ती थबकली. पुन्हा थेंब टाकले. रंग आला, गेला. तिने नळी उजेडासमोर धरली. मग म्हणाली, "अर्लिस, माझ्या निळ्या टेबलक्लॉथवर ब्लीच सांडलं होतं, तेव्हा काय झालं होतं?"

"पांढरं पडलं होतं. महिनाभर बोलली नाहीस माझ्याशी."

"तेच इथे होतंय. क्लोरीन इतकं झालंय की रंगच खाऊन टाकतंय."

तिने नळीत तलावाचं पाणी अगदी थोडं घेतलं आणि बाकी प्यायच्या बाटलीतलं भरलं. थेंब टाकले. आता मी जांभळट गुलाबी झाले, आणि रंग टिकला.

अर्लिस खुर्चीवर बसला. लोक येऊ लागले होते, टेबलावर बटाट्याचं सॅलड मांडलं गेलं होतं. वेंडेल आज माघारी गेला तर पुन्हा यायचा नाही, ही भीती दोघांनाही होती. अर्लिस हळूच म्हणाला, "एका बुडीने काय होणार आहे?"

"तुझ्या छातीने विचार करू नकोस," वर्ना म्हणाली. "त्याच्या छातीने कर. एवढ्या क्लोरीनच्या वाफेने त्याचा श्वासच कोंडेल."

ती स्वतः भावाजवळ गेली आणि जे झालं ते सगळं सांगून टाकलं. आज नाही, असंही म्हणाली. वेंडेलने पाण्याकडे पाहिलं, मग अर्लिसकडे. "इतकी वर्षं देवाला ताटकळत ठेवलंय मी," तो म्हणाला. "दोन-चार दिवसांनी त्याचं काही बिघडत नाही. ते सॅलड द्या इकडे."

तलाव उघडाच ठेवला. ॲरिझोनाच्या उन्हाने आपलं काम केलं. वर्ना रोज मला धरी, रोज मी थोडी फिकट होई. बुधवारी मधली छटा आली. कामावरून सुटलेले लोक संध्याकाळच्या उन्हात जमले. चर्चच्या पास्टरनी वेंडेलला पाठीला हात देऊन पाण्याखाली नेलं आणि वर आणलं. सगळे त्याच्या खोकल्याची वाट पाहत होते. वेंडेलने एक श्वास घेतला, मग दुसरा, आणि डोळे पुसत म्हणाला, "पाणी इतकं छान आहे, तर आधी का नाही सांगितलं?"

मित्रांनो, आता माझ्या खुणा पुसट झाल्या आहेत. तरी एक विनंती. आमच्यासारख्यांना उन्हात टाकून देऊ नका, थेंब जुने झाले की बदला आणि नळी प्रत्येक वेळी धुऊन ठेवा. रंग दिसला नाही, तर पाण्यात काहीच नाही असं मानून घाई करू नका. प्यायचं पाणी मिसळून पुन्हा पाहा. ज्याला त्या पाण्यात उतरायचं आहे, त्याची छाती आठवा.

वेंडेल आता रोज सकाळी येतो. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून सावकाश हात हलवतो; डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. पण उतरण्याआधी काठावर थांबतो आणि बहिणीला विचारतो, "काय म्हणते आज ती?" वर्ना मला उजेडासमोर धरते. अर्लिसही चष्मा लावून शेजारी येतो. तिघांची डोकी माझ्यावर वाकतात, आणि मी गुलाबी होते.