पश्चावस्थेचा तास

दहावीला सूत्री विभाजन शिकवायचं म्हटलं की मी खडू ठेवून देते आणि पोरांना मैदानात काढते. फळ्यावरची चित्रं पोरं वहीत उतरवून घेतात आणि महिन्याभरानं विचारलं तर तोंडाकडं बघत बसतात. लई संताप होतो माझा. म्हणून चुन्याच्या फक्कीनं मोठा गोल आखायचा, ती पेशी. आत जोडीजोडीनं पोरं उभी करायची, ती गुणसूत्रं. दोन टोकांना दोन दणकट गडी, त्यांच्या हातात ओढण्या, ते तर्कुतंतू. आमची शाळा नांदेड जिल्ह्यात, देगलूर तालुक्यात. इथं पोरगं पोरीचा हात धरायचं न्हाई, त्यामुळं माझ्या जोड्या पोरीला पोरगी, पोराला पोरगा अशाच लागतात.

माझे हे, वीरेश, लातूर जिल्ह्यातल्या शाळेत हेच पुस्तक, हाच धडा शिकवतात. लग्नाला सहा वर्षं झाली. सहाही वर्षं ते तिकडं आणि मी इकडं. मधल्या सुट्टीत फोन. दुसऱ्या बायका नवऱ्याला 'जेवलात का' विचारतात, मी विचारते, "कुठवर आलात?"

"मध्यावस्था."

"मी पुढं हाय तुमच्या."

"तू कधी मागं राहिलीस गं?"

थोडं हसायचं आणि मग भांडायचं. भांडण एकच, बदलीच्या अर्जाचं. ह्यांनी नांदेडला यायचं असं ठरलेलं. एका वर्षी अव्वाच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मागच्या वर्षी "भरला" म्हणाले, आणि बघितलं तर शेवटचं बटण दाबायचंच राहिलेलं! यंदा म्हणाले, "शिवकन्या, यंदा भरतोच. तू भरू नको, दोघांनी भरला तर घोळ होईल." मी "हाव, न्हाई भरत" म्हणले.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत ह्यांचा फोन न्हाई. मी लावला तर उचलेनात. डोकं फिरलं माझं. ह्यांच्या भरवशावर बसले तर मी इथंच निवृत्त होईन. तडक ऑनलाइन सेंटरवर गेले आणि लातूरचा अर्ज भरून, बटण दाबून, पावती घेऊनच उठले. संध्याकाळी फोन आला. शाळेची तपासणी होती म्हणे. "भरला बरं का," म्हणाले. मला खरं वाटलं न्हाई. मी माझ्या अर्जाचं सांगितलंच न्हाई.

पुढं एका मंगळवारी मैदानात पश्चावस्था, म्हणजे जोड्या सुटून दोन टोकांना जायची पायरी, चालू होती. सगळ्या जोड्या मधल्या रेषेवर उभ्या. ओढण्या ताणल्या. बाकीच्या जोड्या सुटल्या, पण साक्षी काही तिच्या जोडीच्या सुकन्याचा हात सोडेना.

"सोड की गं! पेशी खोळंबली सगळी!"

"मॅडम, असं ओढून तोडायचंच होतं तर जोडी कशाला लावली?"

पोरं खिदळली. मी खेकसले त्यांच्यावर. मग म्हणले, "बाळांनो, जोडी लागते म्हणून तर दोन्ही बाजूंना सगळं पूर्ण जातं. एक जरी गुणसूत्र इकडचं तिकडं झालं तर पेशी धड राहत न्हाई." पोरांना पटलं. मला मात्र स्वतःचंच उत्तर आवडलं न्हाई.

तेवढ्यात आमचे क्लार्क बालाजीमामा मोबाइल उंचावत पळत आले. "मॅडम, पेढे काढा! बदली झाली, लातूर!"

अगं बाई! पोरांसमोर मी टाळ्या पिटल्या. ह्यांना फोन लावणार, तोच ह्यांचा आला. आवाज नुसता फुटायला लागला होता. "शिवकन्या, झालं! नांदेड मिळालं! देगलूर तालुकाच! मी यायलो!"

मी पेशीच्या मधोमध उभी होते.

"बोल की काहीतरी. खुश न्हाईस?"

"मला लातूर मिळालं," मी म्हणले.

ते हळूच म्हणाले, "तू बी भरला होतास?"

"तुमच्यावर भरवसा नव्हता."

"एवढंच?"

"न्हाई, एवढंच न्हाई. मला राहवत नव्हतं. सहा वर्षं भांडते ना तुमच्याशी, ते तुम्ही जवळ न्हाईत म्हणून भांडते. लई आठवण येते तुमची. रोज येते." पोरं ऐकत होती, मामा ऐकत होते. ऐकू देत.

"हे कधी बोलली न्हाईस तू," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुला नुसता राग येतो माझा. हे एकदा जरी बोलली असतीस, तर मागच्या वर्षी ते बटण राहिलं नसतं बघ."

आदेश काही फिरला न्हाई. नियमानं पुढची तीन वर्षं दोघांनाही अर्ज करता येणार नव्हता. दोघांना सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी ते लातूरहून निघाले, मी देगलूरहून, आणि दोघं मधल्या वाटेवर उदगीरच्या स्टँडवर उतरलो. त्यांनी लातूरच्या घराची किल्ली माझ्या हातात दिली, मी देगलूरची त्यांना.

"अव्वा तिथंच थांबली, तुझी वाट बघायली," ते म्हणाले. "तुला नवरा न्हाई, सासू मिळाली बघ."

हसता हसता मला रडू फुटलं. भर स्टँडवर. त्यांनी चहा सांगितला, तो पिववला न्हाई. देगलूरची गाडी लागली, ते उठले न्हाईत. लातूरची लागली, मी उठले न्हाई. अशा दोन-दोन गाड्या गेल्या, अंधार पडला. मग लातूरच्या कंडक्टरनं दारातून हाक मारली, "ताई, चलता का? ही शेवटची हाय."

मी म्हणले, "पुढच्या गाडीनं येते."