विटेच्या पायाचा बाथटब

मित्रांनो, मी बाथटब आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, कारण माझे तीन पाय लोखंडी आणि चौथा विटेचा आहे.

लोखंड ओतून, वर पांढरा मुलामा चढवून मला घडवलं. "टब कसला, बैल आहे नुसता," असं मला उचलणारे म्हणाले. मी ती स्तुती समजलो. व्हर्ना आँटीच्या घरात मी पोरांच्या दोन पिढ्या धुतल्या, एकदा एक मेंढीही. मग शॉवर आला आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. तिथे मी बेडूक सांभाळले. माझी कुणी विचारपूस केली नाही. बेडकांनीही नाही.

एका शरदात आँटीने माझ्यात माती भरली आणि मर्नाँग पेरलं. हे शेवंतीच्या गोतातलं पिवळं रानफूल, खाली गोड कंद. तिच्या पूर्वजांनी हे कंद खात, जपत माळ राखला. मग बाहेरून आलेल्या गोऱ्यांच्या मेंढ्या आल्या आणि त्यांनी तो साफ केला. (मेंढी धुतल्याचा विषय मी आँटीसमोर काढत नाही.) आमच्या भागात रुळांच्या कडेला शेवटचा तुकडा उरला होता, तोही रस्ता रुंद होताना डांबराखाली गेला. त्याआधी आँटीने मूठभर बी वेचून आणलं होतं. ते सगळं माझ्या पोटात. त्या वर्षी बी धरलं नसतं, तर संपलंच.

ऑक्टोबरात, म्हणजे आमच्याकडच्या वसंतात, कळ्या आल्या. सोबत वाऱ्याने आणलेलं तणही आलं. त्याला सगळे चपट्या म्हणतात. त्याचं फूल अगदी मर्नाँगसारखंच. "दूध घेऊन येते, मग तण निवडते," म्हणून आँटी गेली.

तेवढ्यात तिचा जावई डॅरल आला. गेल्या रविवारी त्याने सगळे सॉसेज जाळले होते. तेव्हापासून आँटी त्याच्याशी फक्त हवामानावर बोलत होती. त्याला काहीतरी चांगलं करून दाखवायचं होतं. अशा माणसाइतकं धोकादायक काही नसतं.

"बाप रे, तणच तण!" तो म्हणाला. त्याने फोटो काढून फोनलाच झाडाचं नाव विचारलं. "लेट्यूस? असेना. तसंही आपल्याला आवडत नाही."

पहिला उपटला तो चपट्या. दुसराही चपट्याच. तिसरं मर्नाँग. बोटांना पांढरा चीक लागला, खाली गोरा कंद लोंबत होता. "अरे, मुळापण आहे!" म्हणत त्याने ते बादलीत टाकलं आणि हात मधल्या दाट झुबक्यात घातला.

तिथे सगळी आपलीच होती.

मी लोखंडाचा. ओरडणार कसा? त्याची मूठ आवळली. जोर लावायला त्याने सगळा भार माझ्या काठावर दिला, नेमका विटेच्या बाजूला. वीट सरकली. मी कललो. मुद्दाम का, ते विचारू नका. मी आयुष्यात काहीही मुद्दाम केलेलं नाही. डॅरलची मूठ सुटली आणि तो उताणा पडला.

फाटकात आँटी. "काय हो जावईबापू, झोपायला माझंच अंगण सापडलं?"

"आँटी, थांबा. ह्या माझ्याकडे बघतायत."

"कोण?"

"कळ्या! ह्या सगळ्या मान वाकवून खाली बघतायत. त्या कडेच्या तेवढ्या ताठ, वर."

आँटी काही बोलणार, तोच तिला बादली दिसली. दुधाची पिशवी तिने जमिनीवर ठेवली. कंद उचलून मातीत खोचला, अंगठ्याने दाबला. मग म्हणाली, "खाली बघतात त्या आपल्या. वर बघतात ते उपट. आणि उठू नकोस, तिथूनच तुला बरं दिसतं."

उरलेलं तण त्याने आडवं पडूनच काढलं.

उपटलेलं मर्नाँग काही दिवस रुसलं. मग बाकीच्यांबरोबर त्यालाही पिसांसारखं उडणारं बी धरलं. यंदा माझ्या विटेच्या फटीतून एक नवं उगवलंय, कळी खाली घालून.

तर मित्रांनो, काही उपटण्याआधी वाकून बघा. वाकवत नसेल, तर पडा. आणि मी डुगडुगतो म्हणून ती वीट नीट बसवायला कृपा करून कुणी येऊ नका.