मागच्या खोलीतलं वायफाय

पालेगावच्या हरिचंद्रने घर बांधताना भिंती जाड ठेवल्या होत्या. त्यामुळे पुढच्या खोलीतल्या राउटरचं वायफाय मागच्या खोलीपर्यंत धड पोचायचं नाही, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून त्याची बायको चिमी तिथेच पडून होती. आयर्लंडमध्ये नर्स असलेल्या लेकीचा, जिज्ञासाचा, व्हिडिओ कॉल आला की चेहरा मध्येच अडकायचा.

चिमी अलीकडे बरंच विसरायला लागली होती. निदान लेकीचा चेहरा तरी तिला नीट दिसत राहावा म्हणून हरिचंद्र नवा राउटर आणायला तातडीने उल्हासनगरला गेला. भिंतींचं ऐकून दुकानदार म्हणाला, "अंकल, एक से नहीं होगा. जोडीवाला घ्या, एक पुढे लावा, एक मागे."

घरी आल्यावर जिज्ञासाने फोनवरून एकेक गोष्ट सांगितली आणि हरिचंद्रने दोन्ही राउटर जोडले. मागच्या खोलीतल्या राउटरवर हिरवा दिवा लागला. त्याने चिमीला उशीला टेकवून बसवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. लेकीचा चेहरा अगदी लख्ख दिसला.

चिमी बराच वेळ बघत राहिली. मग तिने नवऱ्याला विचारलं, "कोनाची पोर ही? हसते किती गोड."

"आये, मी जिज्ञासा."

"माझ्या लेकीचं पन नाव तेच हाय. लांब असते ती. फोनवर कधी नीट दिसतच नाय."

हरिचंद्र कॉल बंद करणार, एवढ्यात जिज्ञासा म्हणाली, "बाबा, राहू दे." तिने डोळे पुसले आणि आईला विचारलं, "कशी आहे हो तुमची लेक?"

चिमी कौतुकाने सांगू लागली. हरिचंद्र दोन्ही हातांनी फोन धरून उभा राहिला.